बाजारच्या लोंब्या

२०१९ साल. मला सदुसष्टावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत, पण नांगर धरल्यापासून कुणासमोर मान खाली घातली नव्हती.

त्या वर्षी दसरा आणि किरिस्तावांचा आगेरा एकाच आठवड्यात आला. रविवारी आगेरा, मंगळवारी दसरा. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यावर पाणी शिंपडतो, मग त्यातला दाणा घरच्या खिरीत पडतो. आम्ही त्याच लोंब्या दसऱ्याला दारावर बांधतो. आम्ही त्याला नवंच म्हणतो. देव वेगळा, भात एकच.

माझा दोस्त किरिस्ताव. त्याच्या बापाला शेत नव्हतं, मिठागरावर राबायचा. म्हणून माझा बाप आगेऱ्याच्या आदल्या दिवशी लोंब्यांची पहिली मूठ त्यांना द्यायचा. पुढे ती मी दिली. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी तो सोनं घ्यायला माझ्या ओट्यावर यायचा. मी आपट्याचं पान हातावर ठेवलं की दरवर्षी एकच बोलायचा, "यंदा तरी खरं सोनं दे रं, कंजूस!"

जमिनी एकेक करून गेल्या. भाईंदरच्या जेसल पार्कच्या मागे, खाडीच्या अंगाला तेवढे दोन गुंठे मी हट्टाने पेरत होतो. त्या उन्हाळ्यात पोरांनी तेही विकायचा कागद आणला. सही मीच केली. पण कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? की आता आमच्याकडे बांधसुद्धा नाही?

शनिवारी दोस्त लोंब्या न्यायला येणार हे ठाऊक होतं. मी सकाळीच भाईंदर स्टेशनजवळच्या फूलबाजारातून लोंब्यांची जुडी आणली, फूलवाल्याचा दोरा सोडून घरची सुतळी बांधली.

तो आला. जुडी हातात घेतली, एक दाणा नखाने सोलला. आत पांढरा.

तिथेच चुकलो. आमची जमीन खारी, तिच्यात लाल भात व्हायचा. लोंबीला ही लांब कुसळं, हाताला टोचणारी. बाजारची लोंबी गुळगुळीत, जशी न्हाव्याकडून आलेली.

"हा तुझा भात न्हाय," तो म्हणाला.

"माझाच हाय."

"मीठ खाल्लेला भात मला नको शिकवू. देवाजवळ न्यायचा हाय."

"घ्यायचा तर घे, न्हाय तर बाजार मोकळा हाय!"

त्याने जुडी ओट्यावर ठेवली, हळूच, आणि गेला. मी हाक मारली नाही.

मंगळवारी दारावर तोरण बांधलं, लोंब्यांशिवाय. संध्याकाळी पानं ताटात घेऊन ओट्यावर बसलो. बिल्डिंगीतले लोक आले, हॅपी दसरा म्हणाले, फोटो काढून गेले. सूनबाई दोनदा म्हणाली, "बाबा, आत या, डास चावतायत." मी म्हटलं, चावू दे. गल्लीत कुणाची चप्पल वाजली की मान वर जायची. तीस-चाळीस वर्षं त्या चपलेचा आवाज ऐकला होता, पण कधी त्याची वाट बघावी लागली नव्हती. त्या संध्याकाळी कळलं की मला शेताचं एवढं वाटत नव्हतं, जेवढं त्या एका माणसाने येऊन मला कंजूस न म्हटल्याचं वाटत होतं. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मीच त्याच्याकडे गेलो. हातात काही नाही. तो पायरीवर बसून पेपर वाचत होता.

उभ्यानेच म्हटलं, "जमीन गेली रं."

"ठाऊक हाय. शेताभवती पत्रे लागले तवाच बघितलं."

"मंग लोंब्या मागायला कशाला आलास?"

"दरवर्सी येतो म्हनून. म्हटलं, आता तरी सांगशील. तर तू फूलवाल्याचा माल घेऊन उभा!"

त्याने पेपरची घडी केली, आत बायकोला ओरडून सांगितलं, "याला घेऊन जाऊन येतो," आणि चपला घातल्या.

आम्ही चालत खाडीकडे गेलो. पत्र्याच्या फटीतून आळीपाळीने आत बघितलं. आत खड्डा, त्यात पाणी, कडेला खोदायचं मशीन.

"बांध त्या मशीनपाशी व्हता," तो म्हणाला.

"न्हाय, त्याच्या पल्याड."

"तुला काय कळतंय, मशीनपाशीच!"

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिथे उभे राहून भांडलो.