एका लुगड्यातल्या दोन गोधड्या

आई गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले, तेव्हा मागे एकच लुगडं उरलं. हिरवं, सुती, तांबड्या काठाचं. तेही उरलं ते थोरल्या बहिणीमुळं. तिनं ते ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेवलं होतं आणि कुणी विचारलं तर सरळ "मला ठाऊक न्हाय" म्हणून सांगितलं होतं. तिला मी आक्का म्हणते. आईची शेवटची सगळी वर्षं वैरागला तिच्याच घरी गेली. औषधपाणी, अंघोळ, रात्रीचं उठणं-बसणं, सगळं तिनं केलं. मी सोलापुरात शाळेत गणित शिकवत होते. रविवारी फळं घेऊन जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची. मला कुणी कधी बोललं नाही, पण मला ते कळतं.

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा आक्कानं ते लुगडं माझ्या हातात दिलं.

"ह्याच्या दोन गोधड्या कर. एक तुला, एक मला. मला सुईत दोरा दिसंना, न्हायतर मीच केल्या असत्या."

"अर्धं तू ठेव की," मी म्हटलं. "तिकडं कुणाकडून तरी शिवून घे."

"आईचं लुगडं फाडून अर्धं-अर्धं करायचं न्हाय. आपल्या दोघीत आजवर वाटणी झाली न्हाय, ती आता ह्याच्यावरनं नको."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन थंडीच्या सुरुवातीला सोलापुरात करायचं आणि तिनं माझ्याकडेच राहायचं, असं ठरलं. तोवर गोधड्या तयार ठेवते असा शब्द मी दिला. घरी येऊन लुगडं मापलं, तर नऊवार म्हणायचं ते साडेआठच भरलं. जुनं कापड, धुऊन धुऊन आटलं असेल, म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

आता माझ्या शहाणपणाबद्दल. आई गोधडी शिवायची ती पट्ट्यांची. कापडाला दातानं बारीक चीर पाडायची आणि दोन्ही हातांनी फाडायची. फाडलेलं कापड धाग्यात सरळ जातं, म्हणून तिच्या पट्ट्या आखल्यासारख्या निघायच्या आणि खाली काही म्हणजे काही पडायचं नाही. मला मात्र निवृत्तीनंतर फोनवरचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. परदेशातल्या बायका त्रिकोण त्रिकोण जोडून काय सुंदर नक्ष्या काढतात! त्यातली एक माझ्या डोक्यात बसली. मधे मोठा त्रिकोण, दोन्ही बाजूंना दोन छोटे, सगळं मिळून एक लांबट चौकोन. मी त्याला डोंगर म्हणायला लागले. डोंगर आईच्या हिरव्या लुगड्याचा आणि दोन्हीकडचं आभाळ माझ्या शाळेत नेसायच्या फिक्या साड्यांचं. कल्पना मला फारच आवडली, आणि कल्पना आवडली की माझं डोकं जरा कमी चालतं.

हिशेब मी वहीत केला. एका डोंगराचं क्षेत्रफळ, गुणिले डोंगरांची संख्या. विरलेला मधला भाग सोडूनसुद्धा लुगडं दोन गोधड्यांना पुरून उरत होतं. मुलांना आयुष्यभर "उदाहरण नीट वाचा" म्हणून दटावलं, आणि स्वतः वाचलं नाही. व्हिडिओतल्या बाईच्या रीतीत आधी हिरव्याचा पूर्ण लांबट चौकोन कापायचा होता. त्याच्या दोन कोपऱ्यांवर फिक्या कापडाचे छोटे चौकोन ठेवायचे, तिरकी शिलाई मारायची, कोपरे बाहेरून कापून टाकायचे आणि फिकं कापड उलटायचं. रीत सोपी होती. डोंगर टोकदार यायचे. मी खुशीत शिवत गेले. कापलेले कोपरे एका पिशवीत टाकत गेले. पिशवी फुगली तेव्हा राहिलेलं कापड पसरून बघितलं, आणि चूक कळली. मी मोजला होता त्रिकोण, आणि कापला होता चौकोन. निम्मं हिरवं त्या पिशवीत गेलं होतं. राहिलेल्या कापडात दुसरी गोधडी अर्ध्यावरसुद्धा जात नव्हती.

त्याच दिवशी आक्काचा फोन आला. "कुटवर आलं गं?"

"चाललंय," मी म्हटलं. "छान होतंय."

"आईच्या गोधडीत कदी चिंदी पडली न्हाय बघ," ती आपल्या नादात म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवस मी शिलाई मशीनवर झाकलेला कपडा काढला नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक बाई राहतात. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलतात आणि बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. बरीच वर्षं युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कटिंगला आहेत. शाळेच्या गणवेशाचे थरावर थर रचून एकदम कापायचे, असं त्यांचं काम. मी त्यांना वैनी म्हणते, त्या मला टीचर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी कढीपत्ता मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"काय करालाव ओ टीचर? ही पिशवी कसली?"

मी सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. त्यांनी पिशवी जमिनीवर ओतली. एखादी बाई सांडलेल्या तांदळाकडे बघेल तसं त्या ढिगाकडे बघितलं.

"आमच्या टेबलाखाली एवढं पडलं असतं तर मला घरी घालवलं असतं ओ," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. "कापड काय म्हणतंय ते बघायचं असतंय. तुमी आदी कापलाव, मग शिवलाव. उलटं करायचं. आदी शिवायचं, मग कापायचं. कापलेल्याचे दोन्ही भाग कामाला आले पायजेत."

त्यांनी माझ्याकडचे जुने उत्तरपत्रिकेचे कोरे कागद मागितले आणि पलंगावर बसून घड्या घालायला लागल्या. व्हिडिओ त्यांनी बघितला नव्हता. नुसता माझा एक डोंगर हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. कढीपत्ता विसरला, माझा चहा निवला. दोन-तीन कागद वाया गेले, आणि मग त्यांना सापडलं.

हिरव्याचा एक मोठा चौकोन घ्यायचा, सव्वानऊ इंचांचा. फिक्याचे चार छोटे, पाच इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. दोन छोटे चौकोन मोठ्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर ठेवायचे. मध्यभागी त्यांची टोकं एकमेकांवर येतात, ती येऊ द्यायची. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीनं रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिलाई घालायची आणि मग रेघेवर कापायचं. दोन तुकडे होतात. फिकं उलटून इस्त्री केली की प्रत्येक तुकड्याला एक हिरवा कोपरा मोकळा राहतो. त्यावर उरलेला छोटा चौकोन ठेवायचा, पुन्हा रेघ, पुन्हा दोन्हीकडून शिलाई, पुन्हा कापायचं. एका चौकोनातून चार डोंगर. खाली पडतात ते फक्त शिलाईचे कान, नखाएवढे.

मी वही काढली. चार डोंगरांना व्हिडिओच्या रीतीनं जेवढं हिरवं लागत होतं, त्याच्या जवळजवळ निम्म्यात हे भागत होतं. दुसराही फायदा होता. तिरकं कापलेलं कापड, त्याला शिंपी उरेब म्हणतात, ते ताणलं जातं. त्यातून आईचं कापड मऊ झालेलं. पण शिलाई आधी पडली की ते हलत नाही. पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेली मी, आणि कागदाच्या घडीतून ती मला शिकवत होती एक कधी शाळेत न रमलेली बाई. मला लाज वाटली नाही, खरं सांगते. फार बरं वाटलं.

पिशवीतल्या कोपऱ्यांचंही त्यांनीच सांगितलं. प्रत्येक कोपरा म्हणजे एक हिरवा आणि एक फिका त्रिकोण, एकमेकांवर ठेवलेलेच होते. तिरक्या बाजूनं शिवले की झाला छोटा चौकोन. ते दोन्ही गोधड्यांच्या कडेला चारी बाजूंनी लावले. मला वाटतं, माझ्या सगळ्या नक्षीत तीच कड सगळ्यांत देखणी झाली. पुढं महिनाभर सुट्टीच्या दुपारी वैनी यायच्या, त्या आखायच्या, मी शिवायची. आत जुन्या सोलापुरी चादरी घातल्या.

एवढं करूनही शेवटी हिरवं संपलं आणि दुसऱ्या गोधडीत चार डोंगर कमी पडले. सगळे तुकडे पुन्हा पालथे घातले. विरलेल्या भागातून सव्वानऊ इंचांचा चौकोन निघेना. निघाला तो उजेडात धरला की पलीकडचं दिसायचं.

"दुसरं हिरवं लावा की," वैनी म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

मी लावलं नाही, पण बाजारात जाऊन आणलं होतं, हे कबूल करते. अगदी जुळणारं आणलं. आक्काला दिसत नाही, हा विचार माझ्या मनात आला होता. तो आला म्हणूनच ते कापड मी कपाटात मागं सारलं आणि ती जागा तशीच मोकळी ठेवली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आक्का आली. हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "आण बघू." मी दोन्ही गोधड्या पलंगावर पसरल्या. ती वाकली आणि हातानं बघायला लागली. कडेवरून बोटं फिरवत गेली, प्रत्येक जोडावर जरा थांबत. "लई बारीक काम केलंस गं," ती म्हणाली. मग दुसऱ्या गोधडीवर हात गेला आणि थांबला.

"हितं काय राहिलं? हितं हात खाली जातूय."

मग मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, पिशवी, फोनवर मारलेली थाप, वैनींनी कसं सावरलं ते, आणि कपाटातलं विकतचं हिरवंही. मी रडले. एवढं एकच काम तिनं मला सांगितलं होतं, आणि तेही माझ्याच्यानं पुरतं झालं नव्हतं.

 आक्काचा हात अजून त्या मोकळ्या जागेवरच होता.

"माजी पिशवी दे," ती म्हणाली.

पिशवीत तळाशी, देवाच्या पोथीखाली, घडी घातलेलं हिरवं कापड होतं. अर्धा वार. आईच्या लुगड्याचं आतलं टोक, नेसताना पोटाशी खोचलं जाणारं.

"तुला द्यायच्या आदल्या दिशी मीच फाडलं. आई पाडायची तशी दातानं चीर पाडून. वाटणी नको म्हणाले आन् माजी मीच करून घेतली बघ." तिचा आवाज लहान झाला. "उशीखाली घेऊन निजते. सगळंच तुज्याकडं गेलं तर माज्याकडं काय राहिलं, असं वाटलं."

साडेआठ वार भरलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तसं म्हटलं, तर ती रडता रडता हसली. "गणिताची मास्तरीण तू!"

मी ते कापड घेणार नव्हते. तिनं ऐकलं नाही. मी माप धरलं आणि तिनं दातानं चीर पाडली. आवाज तोच, आईच्या हातचा. कापड सरळ गेलं, एक धागा इकडे तिकडे नाही. वैनींना हाक मारली. त्यांनी शेवटच्या वेळी रेघ मारली, मी शिवलं, चार डोंगर झाले आणि जागा भरली.

आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा शिवून बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा तुकडा घालतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. आक्कानं सकाळच्या ज्वारीच्या भाकरीचे दोन तुकडे मोडले. एक एका कोपऱ्यात सारला, दुसरा दुसऱ्या. वैनी म्हणाल्या, कारखान्यात एवढे कपडे कापले, पण कापडाला जेवू घालताना पहिल्यांदाच बघालेय.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी आक्का सकाळी उन्हात गोधडी घेऊन बसली होती. तिनं मला हाक मारली.

"हे चार गडद हायत की गं."

खरंच होते. आतलं टोक, त्याला कधी ऊन लागलं नव्हतं. बाकी सगळं लुगडं शेतात आणि चुलीपुढं फिकं झालं होतं आणि ते चार डोंगर आईनं पहिल्यांदा नेसलं तेव्हाच्या रंगाचे राहिले होते. आक्का त्यांच्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. इतकी वर्षं आईचं सगळं तिनंच बघितलं, आणि हा रंग मात्र तिला आता दिसत होता. मी तिच्याजवळ बसले आणि मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, तू आईचं केलंस ते माझ्याही वाटचं केलंस, मी ते कधी बोलले नाही. ती म्हणाली, "गप गं," आणि डोळ्यात औषध घालायची वेळ झाली म्हणून उठली.

वैरागला परत जाताना ती चार गडद डोंगरांची गोधडी घेऊन गेली. गाडीत चढायच्या आधी तिनं पिशवीतून ते उरलेलं कापड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे तू ठेव आता. माज्याकडं लई दिवस होती आई."

मी नको म्हटलं नाही. ते कापड आता माझ्या उशीखाली असतं.