चिमण्यांच्या आधी जेवायचं नाही

निफाडला असताना आईचा नेम होता. अंगणात चिमण्यांनी दाणे टिपले की मगच स्वतःचं ताट घ्यायचं. वडील गेल्यावर मी तिला नाशिकला माझ्या रो-हाऊसमध्ये आणलं आणि सामानाबरोबर हा नेमही आला. आईला मधुमेह. गोळी वेळेवर, जेवण मात्र चिमण्यांच्या मर्जीवर. एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी घाबरले आणि त्याहून जास्त चिडले.

मग दाण्यांच्या मागे लागले. मागच्या अंगणात बाजरी टाकली, ती पारव्यांनी फस्त केली. तांदळाची कणी टाकली, तीही त्यांनीच. दुकानातून खास चिमण्यांचं म्हणून पाकीट आणलं. त्यातला राळा पारव्यांच्या पोटात गेला आणि घाण माझ्या वाळत घातलेल्या ओढण्यांवर पडली. चिमण्या आपल्या समोरच्या तारेवर बसून नुसत्या बघत होत्या.

“आई, पक्षी जेवले ना? आता तू जेव.”

“पारव्यांनी खाल्लं म्हंजे चिमण्यांनी खाल्लं का? लय घाई तुला.”

डोकंच फिरायचं माझं. रोज ऑफिसला उशीर, का, तर मी घरी पारवे हाकलतेय. हे साहेबांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

दसऱ्याला बाजारातून झेंडूची दोन तोरणं आणली. त्यांत बाजरीची कणसं ओवलेली होती. एक पुढच्या दाराला लावलं, दुसरं मागच्या. दुसऱ्या दिवशी पारव्यानं मागच्या तोरणावर झेप घेतली. कणीस झुललं, पाय टेकायला जागाच मिळेना, तो फडफडत परत गेला. मग तारेवरची एक चिमणी आली, कणसाला खुशाल लटकली आणि दाणे सोलू लागली. पाठोपाठ आणखी दोघी आल्या.

आईनं खुर्ची पुढे ओढली. बराच वेळ बघत बसली.

“वाढ,” ती म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडूच आलं, आणि रागही.

आता मामा निफाडहून कणसं पाठवतो. मी रोज सकाळी करवादत स्टुलावर चढते आणि मागच्या दाराला ती बांधते. दसरा, दिवाळी, सगळं कधीच उरकलं. शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, “आज काय विशेष?”

“आई जेवणार आहे,” मी सांगते.