दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली

“दुसऱ्या दिवशी लगेच कामावर? का, पगार कापला जाईल म्हणून?”

हा माझा रिमार्क. आमच्याकडच्या प्रणालीनं लिहिलेल्या एका पात्राच्या शीटवर, उजव्या बाजूच्या पिवळ्या चौकटीत मी तो टाइप केला आणि स्वतःवरच खूष होऊन चहा घ्यायला उठले. परत येईपर्यंत टीममधल्या तिघांनी त्याखाली हसणारे चेहरे टाकले होते. चौथा प्रणालीनं टाकला.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. रहस्य विकणं हा माझा धंदा आहे, पण हे विकायचं नाही. ज्या हिरॉइनवर मी हा रिमार्क मारला, ती प्रणाली स्वतःच होती. दहा दिवसांनी तिला कोर्टात उभं राहून नेमकं हेच सांगायचं होतं, की हो, दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं असंही कुणी म्हणत नाही. मी म्हणते.

मी पुण्यात खराडीतल्या एका कंटेंट कंपनीत कॅरेक्टर लीड आहे. त्याआधी वीस वर्षं मशीनची मॅन्युअलं मराठीत आणली. ‘झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा’ असली वाक्यं. नंतर ते काम आटलं, मोबाइलवर ऐकायच्या मालिकांचा धंदा जोरात आला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी प्रेमकथांत पडले. घरच्यांनी हसून घेतलं. कर्वेनगरहून खराडी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. कंपनीच्या बसमध्ये दीड तास जातो, आणि निम्म्या शीट मी तिथंच तपासते.

त्या वेळी आमच्याकडं एक रोमँटिक सस्पेन्स मालिका आली होती. म्हणजे प्रेम हवं, भीती हवी, आणि दोन्हींच्या मुळाशी हिरॉइनवर पूर्वी झालेला एखादा आघात हवा. मालिकाभर ती त्यातून हळूहळू बरी होणार. अशा मालिकेत कथा नंतर लिहितात, आधी माणसं तयार करतात. प्रत्येकाची एक शीट. नाव, वय, गाव, काय हवंय, कशाला घाबरते. एक रकाना ‘वूंड’चा, म्हणजे जखमेचा. त्याच्या पुढचा ‘हीलिंग’. त्यात बरं होण्याचं वेळापत्रक असतं. बाराव्या एपिसोडला पहिल्यांदा मोकळी हसते. तिसाव्याला हिरोनं हात धरला तरी दचकत नाही. ऐंशीला ठणठणीत. ऐंशीच्या पुढं आजारी हिरॉइन क्लाएंटला चालत नाही.

प्रणाली वर्ध्याकडची, सव्वीसची. आली तेव्हा ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ असं बोलायची. पोरं चिडवायची, तर तिनं ऑफिसात तसं बोलणं सोडूनच दिलं. काम वेळेवर, आवाज खाली, सुट्ट्या जवळपास नाहीत. अशा माणसांकडं लीडचं लक्ष जात नाही, कारण ती त्रास देत नाहीत.

तिनं लिहिलेली हिरॉइन ईशा. तेवीस वर्षांची, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पहिली नोकरी. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर आर्किटेक्ट तिच्यावर जबरदस्ती करतो. दुसऱ्या दिवशी ईशा दहा मिनिटं आधीच ऑफिसात पोहोचते. कुलूप उघडते. तो आल्यावर त्याला ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणते. तोच ड्रेस धुऊन, इस्त्री करून चौथ्या दिवशी पुन्हा घालते. शीटच्या तळाशी प्रणालीनं लिहिलं होतं, ‘सगळं रोजच्यासारखं केलं तर काही घडलंच नाही असं होईल, असं तिला वाटतं.’

मी तीन रिमार्क मारले. पहिला वर सांगितलाच. दुसरा ड्रेसवर: “कपाटात दुसरा ड्रेस नाही का? बजेट वाढवून देऊ.” तिसरा असा: “शेजारच्या ऑफिसात माणसं आहेत, खाली वॉचमन आहे. हिरॉइन मुकी आहे का?”

माझे रिमार्क ऑफिसात प्रसिद्ध होते. जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवले जायचे. जिभेला हाड नाही हे आमच्याकडं कौतुकानं सांगतात, आणि मला ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशीही वाचले गेले. प्रणाली समोर बसून मटकीची उसळ खात होती.

दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

“मॅम, असं होतं,” ती म्हणाली.

“काय होतं?”

“माणूस दुसऱ्या दिवशी जातो कामावर.”

“कोण जातो?”

“जातात मॅम. वाचलंय मी.”

“तू वाचलंस गं. आपला ऐकणारा वाचत नाही. तो कानात यंत्र घालून भांडी घासत असतो. त्याला शंका आली की तो बंद करतो.” आमच्याकडं याला ड्रॉप-ऑफ म्हणतात. कुठल्या मिनिटाला किती लोक सोडून गेले, त्याचा आलेख क्लाएंट रोज पाठवतो. “आणि खरं सांगू? मलाच पटत नाही. एका बाईला पटत नाही, तर पुरुषांना काय कपाळ पटणार?”

“बरं मॅम,” ती म्हणाली.

दोन तासांत शीट बदलून आली. नवी ईशा किंचाळते. टेबलावरचा पेपरवेट फेकून मारते. त्याच रात्री राजीनामा मेल करते आणि सकाळी पोलिसांत जाते. एकही चूक काढायला जागा नव्हती. क्लाएंटकडची रिचा कॉलवर म्हणाली, “अब ये लड़की मुझे पसंद है.” आमचा मॅनेजर कौस्तुभ माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, मला नीलाताई म्हणतो. त्यानं कॉल संपल्यावर टेबलावर थाप मारली. “ताई, तुमचा हात लागला की सोनं होतं.”

मी शीट हिरवी केली. म्हणजे मंजूर.

पुढच्या गुरुवारी प्रणालीची रजा होती. कारण लिहिलं होतं, ‘कोर्टाचं काम’. “गावाकडची जमीन असेल,” कौस्तुभ म्हणाला. मीही तेच धरून चालले. गावाकडचं माणूस आणि कोर्ट म्हटलं की आपल्या डोक्यात जमीनच येते. त्याच दिवशी पहिल्या एपिसोडचं रेकॉर्डिंग होतं. मी तिला म्हणाले, “बघ गं, पुढं ढकलता येतंय का तुझं.”

“ढकलता नाही येणार मॅम. पण लवकर होईल. लंचनंतर येते.”

आणि ती खरोखर अडीचला हजर झाली. तोंड धुऊन आली, हेडफोन लावला, सहापर्यंत दोन सीन देऊन गेली. मी तिला चॅटवर अंगठा पाठवला आणि ‘लाइफसेव्हर’ असं लिहिलं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकायचं धाडस होत नाही.

आठवड्यानं क्लाएंटनं एक सायकॉलॉजिस्ट बाई सल्ल्याला घेतल्या. आघातावरची मालिका आहे, कुणी नावं ठेवायला नकोत, म्हणून. त्यांना आमची मेल जशीच्या तशी गेली, खाली जुन्या शीटसकट. कॉलवर त्या नव्या ईशाबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या.

“ही खालची शीट कुणी लिहिलीय?”

“ती रिजेक्ट झालीय,” मी म्हणाले.

“का?”

“दुसऱ्या दिवशी कामावर जाते, तोच ड्रेस घालते. पटत नव्हतं.”

“अहो, माझ्याकडं येणाऱ्या बायका हेच सांगतात. ऑफिसला गेले. डबा केला. त्याला चहा दिला. किंचाळणाऱ्या फार थोड्या. ज्यानं ही लिहिली त्याला विषय कळलाय. हीच ठेवा.”

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. आपल्या टीममधल्या पोरीचं कुणी बाहेरच्यानं कौतुक केलं की लीडला बरं वाटतंच. कॉल संपला तशी मी तिच्या जागेवर गेले आणि तिला लहान मीटिंग रूममध्ये घेऊन आले. पेढे द्यायला निघाल्यासारखी मी हसत होते.

“अगं, तुझंच बरोबर होतं! मी हरले. पहिली शीट काढ परत.”

तिचा चेहरा उतरला. म्हणजे मला वाटलं होतं त्याच्या उलटंच झालं.

“आता काय करायची मॅम ती?”

“म्हणजे? एक्स्पर्ट म्हणतायत, असंच होतं.”

“माझी साक्ष झाली ना पण. गुरुवारी.”

“कसली साक्ष?”

मग तिनं सांगितलं. रडली नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती. तीन वर्षांपूर्वी पुण्यात आल्यावर तिला पहिली नोकरी लागली ती एका कोचिंग क्लासमध्ये. क्लासचा मालक. संध्याकाळची बॅच सुटल्यावर. दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन कुलूप उघडलं, फळा पुसला, त्याला गुड मॉर्निंग म्हटलं. महिनाभरानं रूममेटला कळलं, तिनं हाताला धरून पोलिसांत नेलं. केस चालू होऊन तारीख यायला एवढी वर्षं लागली.

“घरी माहीत नाही मॅम. कोणालाच नाही. मी त्या शीटमध्ये लिहून बघून राहिली होती, की असं सांगितलं तर कोणाला पटते का.”

इतक्या दिवसांनी तिच्या तोंडी तिची भाषा आली होती.

“त्याच्या वकिलानं तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या होत्या का? मी हो म्हटलं. मग विचारलं, का? सरकारी वकील मॅडमनी सांगितलं होतं, घाबरू नको, जे खरं ते सांग. उत्तर होतं माझ्याजवळ. तोंडापर्यंत आलं होतं. अन् तुमचा रिमार्क आठवला. वाटलं, आता जजसाहेब पण हसतील.”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, माझा गैरसमज झाला होता.”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ते काय, हे मला त्या काचेच्या खोलीत कळलं. बाहेरून कौस्तुभ अंगठा वर करून विचारत होता, झालं का?

“तुमच्यावर राग नाही मॅम,” ती म्हणाली. “तुम्हाला मीच दाखवलं होतं. बाकी कोणाला दाखवणार?”

मी तिच्याकडून सरकारी वकील बाईंचा नंबर मागून घेतला. तिनं द्यायला फार काचकूच केली, पण दिला. वकील बाई सभ्य होत्या, दमलेल्या होत्या. “तिला फितूर घोषित केलंय,” त्या म्हणाल्या. केलेली तक्रार साक्षीदारानं कोर्टात नाकारली की असं म्हणतात. “तिच्याशिवाय माझ्याकडं पुरावाच नाही. आता पुन्हा शब्द फिरवला, तर खोटी साक्ष दिली म्हणून तिच्यावरच शेकेल. तुम्ही तिच्या कोण?”

“ऑफिसातली.”

“तुम्ही आधी तिच्याबरोबर यायला हवं होतं हो,” त्या म्हणाल्या. त्यांना दुसरा फोन येत होता.

कौस्तुभला पहिली शीट हवीच होती. “ताई, जुनी शीट त्या मेलमधून परत काढायची फक्त. दोन मिनिटांचं काम.”

“नाही काढणार.”

“अहो, पण एक्स्पर्टच म्हणतेय!”

“रिचाला सांग, लीड ऐकत नाही. माझ्या अप्रेझलमध्ये काय लिहायचं ते लिही.”

त्यानं लिहिलं. ‘फीडबॅक स्वीकारण्यात लवचिकता कमी.’ मी सही केली. मालिका किंचाळणाऱ्या ईशावरच गेली आणि बरी चालली. ईशा ऐंशीव्या एपिसोडला ठरल्याप्रमाणे बरी झाली.

क्लासचा मालक निर्दोष सुटला. निकालाच्या दिवशी प्रणाली कामावर होती. तिनं मला फक्त ‘झालं मॅम, सुटला’ असा मेसेज केला, तिच्या आणि माझ्या खुर्चीत सहा फुटांचं अंतर असताना. क्लास चालू आहे. त्याची जाहिरात मधूनमधून माझ्या फोनवर येते, त्यात तो हाताची घडी घालून उभा असतो.

नव्या मुलांना मी आता सांगते, पात्र विचित्र वागलं तर रिमार्क मारू नका, उठा आणि लिहिणाऱ्याला शेजारी बसून विचारा. मुलं मान डोलवतात, वहीत लिहून घेतात. एवढं साधं शिकायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि त्याची किंमत मोजली दुसरीनंच.

माफी मी निकालाच्याच दिवशी मागितली. काय बोलायचं ते आदल्या रात्री कागदावर चार वेळा लिहून खोडलं होतं, सगळं नाटकी वाटत होतं. शेवटी तिच्या खुर्चीमागं उभी राहून एवढंच म्हणाले, “प्रणाली, माझं चुकलं. फार चुकलं.”

तिनं मागं वळून बघितलं, हसली, आणि म्हणाली, “इट्स ओके मॅम.” मग पुन्हा स्क्रीनकडं वळली.

खोटे संवाद पकडणं हे माझं काम आहे, त्याचाच पगार घेते. असलं वाक्य कुणी शीटमध्ये लिहून दिलं असतं, तर लाल करून परत पाठवलं असतं. हे मी खाली मान घालून घेतलं आणि जागेवर जाऊन बसले.