ते दोघं जवळ आले की नेट जाते

“नेटचा डबा काढ अन् दुकानात लावून दे,” विलासभाऊ म्हणाले. “आईले मराठी पाहाले डिश आहे. तिकडच्या सिरीयल तर चालतच नाहीत. तूच म्हटलं होतं ना?”

मी साखरखेर्ड्यात त्यांच्या बैठकीत उभा होतो. हातात स्क्रू ड्रायव्हर. समोर पलंगावर त्यांच्या आई, प्रमिलाकाकू, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पण शेंगा सोलायचा वेग वाढला.

“जेवाले येतो तोवर करून ठेव,” असं म्हणून विलासभाऊ गाडीला किक मारून आपल्या खताच्या दुकानात गेले.

“तूच म्हटलं होतं” हे खरं होतं. वाईट एवढंच, की मी जे म्हटलं होतं ते खरं नव्हतं.

माझं काम इंटरनेटच्या लाईनचं. आधी केबल टीव्ही होता, आता फायबर. फायबर म्हणजे काचेची तार, केसाएवढी. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. तो उजेड घरातल्या पांढऱ्या डब्यात येतो आणि डबा त्याचं नेट करतो. उजेड पोचला नाही की डब्यावर लाल दिवा लागतो. सगळा धंदा एवढाच आहे. बाकी नुसतं खांबावर चढणं आणि लोकांचं ऐकून घेणं.

काकूंची कंप्लेंट जुनी होती. दुपारी सिरीयल पाहताना नेट जातं. पहिल्यांदा मी फोनवरच सांगितलं, डबा बंद करून चालू करा. दुसऱ्यांदा मी जाऊन आलो तर सगळं ठणठणीत. मीटर लावला, उजेड बरोबर येत होता. तिसऱ्यांदा मी गेलोच नाही. कंप्लेंट बंद करून टाकली. त्यानंतर विलासभाऊ बसस्टँडवर भेटले आणि म्हणाले, आई रोज कटकट करते, काय भानगड आहे?

मला जानेफळला एक लाईन तुटलेली जोडायची होती. घाई होती. मी म्हणालो, “भाऊ, त्या थायलंडच्या सिरीयल असतात. लांबून येतात. अडकणारच. मराठी लावा म्हणा.”

असं काही नसतं. सिरीयल बँकॉकहून बैलगाडीत बसून येत नाही. पण ते तोंडातून निघून गेलं. विलासभाऊंनी घरी जाऊन तसंच सांगितलं. काकूंनी संध्याकाळी मराठी सिरीयल लावली आणि ती एकदाही अडकली नाही. माझं खोटं सिद्ध झालं. त्या दिवसापासून मी त्या घरात तज्ज्ञ होतो.

विलासभाऊंची गाडी वळली तशी काकू म्हणाल्या, “संजू, एक विचारू काय? खरं सांगशीन?”

“विचारा ना.”

“तुमचा कोणी माणूस वरतून पाहते काय, आम्ही काय पाहतो ते?”

“नाही काकू.”

“मंग ते दोघं जवळ आले की बरोबर नेट कसं जाते?”

“कोण दोघं?”

काकूंनी पुढची शेंग उचलली. तेवढ्यात मागच्या दारानं रुबीनाबाई आल्या. त्या शेजारी राहतात, ब्लाऊज शिवतात. खांद्यावर टेप तसाच होता. मला पाहून त्या दारातच थांबल्या.

“सांगून दे प्रमिला,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर और केबलवाले से क्या छुपाना?”

मग कळलं. दोघी दुपारी जी सिरीयल पाहतात ती दोन मुलांच्या प्रेमाची असते. थायलंड, कोरिया, जपान, तैवान इकडे अशा पुष्कळ निघतात. बीएल म्हणतात, म्हणजे बॉइज लव्ह. आधी त्या कोरियन घरगुती मालिका पाहायच्या, हिंदीत डब केलेल्या. त्या संपल्यावर टीव्हीनंच पुढची सुचवली, तीही हिंदीतच. दोघींना वाटलं ही दोन मित्रांची गोष्ट आहे. चौथ्या भागात कळलं की तसं नाही.

“तेव्हा बंद नाही केली?” मी विचारलं.

“काऊन करू?” काकू म्हणाल्या. “चार भाग पाहून झाले होते. पोट्टे ओळखीचे झाले होते.”

मी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला. काकू आता शेंगांकडे पाहूनच बोलत होत्या.

“तू डबा नेशीन. ने बापा. पण मले दुपार जात नाही. अंगणवाडीतून रिटायर झाली तेव्हापासून घरात कोणी नसते या टायमाले. रुबीना येते ते सिरीयलसाठी. तिले शिलाईचं काम आहे, नुसती माझं तोंड पाहाले ती काऊन येईन?”

“आती मैं,” रुबीनाबाई म्हणाल्या. “लेकिन रोज नाही येणार, ये बी सच है.”

माझ्या एका फालतू वाक्यानं हे इथपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, विलासभाऊ यायच्या आत शोधतो.

आधी बाहेर खांबावरचा स्प्लिटर पाहिला. स्प्लिटर म्हणजे एका तारेतला उजेड अनेक घरांना वाटून देणारी डबी. ती बरोबर होती. जोड पाहिले, बरोबर. डब्याचा ॲडॉप्टर बदलला. मीटर लावला. रीडिंग इतकं चांगलं की गावात दुसऱ्या कोणाचं नसेल. आमच्या धंद्यात हेच अवघड असतं. बिघाड आपल्यासमोर होत नाही.

“काकू, तुम्ही सिरीयल लावा,” मी म्हणालो. “मी इथंच बसतो.”

“इथं?”

“बंद पडेल तेव्हा मला डबा पाहायचाय.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “बस. पण टीव्हीकडे पाहू नको. डब्याकडे पाहा.”

मी कपाटावरच्या डब्याकडे तोंड करून खुर्चीवर बसलो. पण कान होते, आणि थोड्या वेळानं मान पण वळली. एक मुलगा नदीवरच्या होडीत तिकिटं फाडायचा. दुसरा जनावरांच्या डॉक्टरकीचा विद्यार्थी होता, रोज त्याच होडीनं कॉलेजला जायचा.

“जनावराचा डॉक्टर म्हणते,” काकू म्हणाल्या, “अन् आतापर्यंत एक म्हैस नाही दाखवली. कॉलेजात जातात, पण पुस्तक कोणीच उघडत नाही. या सगळ्याच सिरीयलीत असं. बाप फी कशाची भरते कोण जाणे.”

“होडीवाला अच्छा लडका है,” रुबीनाबाई मला समजावून सांगत होत्या. “डॉक्टरको बुखार आया था ना, रातभर पट्ट्या ठेवल्या. बुखार का एपिसोड सब में रहता. एकाला ताप येणार, दुसरा खिचडी बनवणार.”

“मले तेच आवडते,” काकू म्हणाल्या. “आपल्या सिरीयलीत प्रेम झालं की बाई सैपाकघरात जाते अन् माणूस सोफ्यावर बसते. यात दोघंही माणसं. मंग भांडे कोण घासन? दोघंही घासतात.”

“और सास नहीं.”

“सासू नाही. चहात कोणी काही टाकत नाही.”

“मागच्यावाली नाही आवडली मला,” रुबीनाबाई म्हणाल्या. “वो बड़ा लड़का हात पकडके खींचता था.”

“ते नाहीच पटत. पोरगी असो का पोरगा असो, मनगट धरून ओढायचं नाही. अंगणवाडीत मी लेकरायलेही तेच सांगो. अन् ती जपानची आठवते काय? कोणी बोलेच ना. दोघं नुसते डबा उघडून जेवत. पण डबा काय भरला होता वो!”

मी हसलो. काकूंनी मला डब्याकडे बघायला सांगितलं.

होडीत संध्याकाळ झाली. प्रवासी उतरून गेले. डॉक्टर उतरला नाही. होडीवाल्यानं तिकिटांचा गठ्ठा खिशात ठेवला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. संगीत बदललं.

काकू चटकन उठल्या. गल्लीकडची खिडकी ओढली, कडी लावली आणि जागेवर येऊन बसल्या. सगळं इतकं सवयीनं, की त्यांना आपण उठलो हेही कळलं नसावं. सिरीयल चालूच होती. होडीवाला काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. आणि चित्र थांबलं. मधोमध ते गोल फिरायला लागलं.

“पाहा!” काकू म्हणाल्या. “पाहा! म्हटलं नव्हतं?”

डब्यावर लाल दिवा होता.

मी खिडकीकडे पाहिलं. फायबर तिथूनच आत आलं होतं. ते मीच आणलं होतं. नवीन रंग दिलेल्या भिंतीला भोक नको, असं विलासभाऊ म्हणाले होते, म्हणून मी तार चौकटीच्या कोपऱ्यातून घेतली होती. खिडकी रात्रंदिवस उघडीच असायची. जाळी होती, गज होते, लावायचं कारण नव्हतं. आता फळी तारेवर दाबून बसली होती आणि तार तिथं काटकोनात मुडपली होती.

काचेची तार अशी मुडपली की तुटत नाही. पण उजेड वळत नाही, तो वळणावरच बाहेर सांडतो.

मी कडी काढून खिडकी उघडली. थोड्या वेळानं हिरवा दिवा आला. लावली, लाल. काढली, हिरवा.

“पण खिडकी लावल्यावर लगेच नाही जात,” रुबीनाबाई म्हणाल्या. “बाद में जाता.”

त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि म्हणूनच हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. टीव्ही पुढचं थोडं चित्र आधीच भरून ठेवतो. त्याला बफर म्हणतात. नळ गेला तरी टाकीत पाणी असतं, तसं. ते संपलं की सिरीयल थांबते. तोवर ते दोघं बरोबर जवळ आलेले असायचे. मग काकू वैतागून टीव्ही बंद करायच्या आणि हवेसाठी खिडकी उघडायच्या. मी यायचो तेव्हा सगळं ठणठणीत.

“म्हणजे मीच बंद पाडो काय?” काकू म्हणाल्या.

“तुम्ही नाही. तार मी चुकीची घेतली.”

“मले वाटे, देवालेच पटत नसन.”

त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. इतके दिवस ही बाई मनात हे घेऊन बसली होती. आणि त्यावर मी, जानेफळच्या घाईत, शिक्का मारला होता.

“खिडकी काऊन लावता पण?” मी विचारलं.

काकूंनी बाहेर बोट दाखवलं. समोरच्या ओट्यावर देवकाआजी बसल्या होत्या, नेहमीसारख्या, वाती वळत. “ती पाहीन तर गावभर होईन. ती मागंच म्हणे, दिवसाढवळ्या टीव्ही लावून बसतात दोघी.”

विलासभाऊ जेवायला आले. डबा जागेवरच पाहून म्हणाले, “काढला नाही काय बे अजून?”

“भाऊ, मी तुम्हाले खोटं सांगतलं होतं,” मी म्हणालो. “सिरीयलीचा काही संबंध नाही. मी नीट पाहिलंच नव्हतं. तार खिडकीत दबते. चूक माझी आहे.”

“अन् मी घरात तुझ्या नावावर लेक्चर देऊन राह्यलो होतो!” ते म्हणाले. मग खिडकीजवळ जाऊन त्यांनी फळी मागंपुढं करून पाहिली. “पण ही खिडकी तर आपण कधी लावतच नाही. आई, काऊन लावते तू?”

मी मीटर पिशवीत भरू लागलो. रुबीनाबाई टेप गुंडाळू लागल्या.

“ऊन येते,” काकू म्हणाल्या.

ती खिडकी उत्तरेला आहे. तिथून ऊन घर बांधल्यापासून आत आलेलं नाही. विलासभाऊ त्याच घरात लहानाचे मोठे झाले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, टीव्हीवर थांबवून ठेवलेल्या दोन मुलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

“हाव,” ते म्हणाले. “या दिवसात येते ऊन.” मग माझ्याकडे वळून, “भिंतीले भोक पाड. बारीक पाड. अन् तार आतून घे.”

“रंग...”

“रंग काय, पुन्हा देता येते.”

ते जेवायला आत गेले. मी ड्रिल काढलं.

बाहेरून भोक पाडताना देवकाआजी ओट्यावरून बघत होत्या. “काय करून राह्यला रे संजू?”

“तार बदलतो आजी.”

“मंग आता खिडकी लागून राहीन काय?”

“लावता येईल.”

आजींनी वाती खाली ठेवल्या. मी आत आलो, तार भोकातून घेतली, डब्याला जोडली. हिरवा दिवा. काकूंनी खिडकी लावून कडी घातली. तरी हिरवाच. सिरीयल जिथं थांबली होती तिथून सुरू करणार, तेवढ्यात पुढचं दार वाजलं. देवकाआजी.

“भोक आतून कसं दिसते पाहाले आली,” त्या म्हणाल्या, आणि भोकाकडे न पाहता खुर्चीवर बसल्या.

काकूंनी रिमोट पदराखाली घेतला. रुबीनाबाई काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, “वो होडीवाला आता डॉक्टरच्या गावात जाईल, मुझे लगता.”

“नाही वो,” आजी म्हणाल्या. “तो कसा जाईन? त्याच्या बापाची होडी आहे. त्यानं परवाच सांगतलं ना त्या डॉक्टरले, मी नदी सोडून येत नाही म्हणून.”

काकू आणि रुबीनाबाई दोघी वळून आजींकडे पाहू लागल्या.

“मले कान आहेत,” आजी म्हणाल्या. “इतके दिवस ऐकून राह्यली मी. अन् ऐन गोष्टीले तू खिडकी लावून घेते प्रमिला. पुढं काय झालं ते मले कधीच समजत नाही. लाव आता.”

काकूंनी पदराखालून रिमोट काढला. होडीवाल्यानं जे बोलायचं होतं ते बोलला. मी ते ऐकायला थांबायला नको होतं, पण थांबलो.

ती सिरीयल मी नंतर घरी बायकोबरोबर पहिल्यापासून पाहिली. माझं मत काकूंपेक्षा फार वेगळं नाही. मधले दोन भाग उगाच लांबवलेत आणि म्हैस खरंच एकही नाही. पण त्या दोघांना एकमेकांचं ऐकून घ्यायची जी सवय आहे, ती पाहून मला स्वतःची लाज वाटली. ताटं उचलून मोरीत नेली तर बायको म्हणाली, “बरं आहे ना तुम्हाले?”

आता कंप्लेंट आली की काय पाहता, असं मी विचारत नाही. तो माझा विषय नाही. बंद पडायच्या आधी तुम्ही काय करता, एवढंच विचारतो. निम्मे बिघाड त्यातच सापडतात. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो. आपलं उत्तर माणूस घरी घेऊन जातो.

मागच्या आठवड्यात त्या गल्लीत गेलो होतो. काकूंच्या दारात चपलांचे जोड वाढलेत. भोक पाडलं ते फुकटच गेलं म्हणायचं. खिडकी आता कोणी लावतच नाही.