मले शिकवणारे पुंडलिकभाऊजी

“खोटं बोलू नका भाऊजी! मले तुमी कधी शिकवलं?”

“वयनी, सभेत असं बोला लागते. लोकांले हुरूप येते!”

शेलूबाजारच्या सभेहून परतल्या-परतल्या आमच्या ओसरीवर हे भांडण पेटलं होतं. शेवट सांगतेच, पण आधी ही हुरूप वाटणारी मंडळी कोण, ते ऐका. स्वराज्य नवंनवं होतं, गावोगाव भाषणं. ऐकणाऱ्यांपेक्षा सांगणारेच जास्त! परसात जळणासाठी कापसाच्या पऱ्हाट्या साचतात तसे त्यांचे किस्से माझ्याकडे साचलेत. आज थोडे जाळते.

पुंडलिकभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कारंज्याच्या बाजारात कापसाचा लिलाव पुकारत. लिहिणं-वाचणं मुनशीकडे, ओरडणं यांच्याकडे. आवाज असा की बैल दचकत! तेवढ्यावर कुणीतरी त्यांना श्रमदानाच्या सभेत उभं केलं.

भाऊजी गरजले, “रस्त्यासाठी दोन दिवस! एक वार... दोन वार...”

मागून एक अडत्या सवयीनं ओरडला, “चार!”

“चार दिवस, तीन वार! सुटलं!”

अख्खं गाव चार दिवस खडी फोडत होतं. अडत्या मात्र दुसऱ्याच दिवशी कारंज्याला पळाला!

त्यांचा जोडीदार बळीराम. हा आधी तमाशाच्या तंबूची दवंडी देई. स्वच्छतेवर छान बोलला, नाली साफ करा, अंगण झाडा. शेवटी तंद्रीत म्हणाला, “आज शेवटचा खेळ! बायांसाठी बसाची येगळी सोय!”

शेजारची सखूबाई लगेच जागा धरायला उठली.

तिसरे एक मास्तर. मॅट्रिकला तीनदा नापास. विषय एकच: “अपयशाले भिऊ नका!”

मी बायांतून उठून विचारलं, “मंग मास्तर, चवथ्या खेपेले काहून नाही बसले?”

“भेव वाटलं बाई.”

त्या दिवसापासून त्या एकट्याला मी मान देते.

आणि आमचे भाऊजी! शेलूबाजारला म्हणाले, “माही वयनी अंगठाबहाद्दर होती. रोज समोर बसवून मीनं तिले अक्षरं शिकवली!” टाळ्या पडल्या. लोक वळून मला असे पाहू लागले, जणू मी भाऊजींनी बाजारातून आणलेली कालवड!

अहो, त्याच शेलूबाजारच्या फाट्यावर बोरं विकता विकता मी मोटारींच्या पाट्यांवरून शिकले. कोणती मोटार कुठं जाते ते ठाऊक होतं, मग पाटीवर काय लिहिलंय ते कळायला कितीसा वेळ? ‘कारंजा’त होता तोच र ‘मंगरूळ’मध्ये सापडला, तेव्हा बोरांचं टोपलं टाकून मी मोटारीमागं पळाले होते! घरी सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं भाऊजी. आणि आता त्यांची भाषणं मीच लिहीत होते, मीच वाचून दाखवत होते, ते पाठ करत. शिकवल्याचं तेवढं त्यांच्या पदरचं!

“उद्या रिठदच्या सभेत खरं सांगा,” मी बजावलं.

“लोकं हसतीन न मले!”

“मले हसले तवा?”

“आता झालं ते झालं. सभेत मीनंच शिकवलं असं राहू द्या.” मग आवाज एकदम मऊ करून त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढला. “बरं, उद्याचं भाषण येकडाव वाचून दाखवा, वयनी.”

मी कागद घेतला, नीट उलगडला आणि परत त्यांच्याच मांडीवर ठेवला.

“मले शिकवलं न तुमी, मंग वाचा तुमीच, गुरुजी!”