त्या सकाळचं सांगा ना

मंगळवारी संस्थेच्या मॅडमनी आईला साडी बदलून यायला सांगितलं. आई घरी गेली आणि साडी बदलून आली. त्या दिवसानंतर ती संस्थेत गेली नाही.

साडी पांढरी होती. पौर्णिमेला विहारात जाताना आई ती नेसते. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी तिने ती कोपऱ्यावरून इस्त्री करून आणली. गल्लीतून निघालो तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

"काहून वं, आज पौर्णिमा हाय का?"

"नाही वं. संस्थेत पाहुणे येऊन राहिले."

मॅडमनी आईला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नाहीत. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, छान दिसताय. पण रोजची नेसून या ना. पाहुण्यांना तुमची परिस्थिती कळायला हवी."

"हो जी," आई म्हणाली. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं.

परत येताना काकू दारातच होत्या. "का झालं? नापास केलं का तुले?" आई हसली. मी हसले नाही.

माझा भाऊ वाडीतल्या एका गोडाऊनमध्ये हमाली करायचा. एका सकाळी पोत्यांची थप्पी त्याच्यावर कोसळली आणि तो गेला. त्यानंतर आईची झोप गेली. रस्त्यात चालता चालता ती थांबायची. गॅस सुरू करून काडी पेटवायची विसरायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे बसल्या बसल्या मला गॅसचा वास यायचा.

संस्थेत दर मंगळवारी एक समुपदेशक ताई बसायच्या. लहानशी खोली, बंद दार. आई आत जायची. मी बाहेर बाकावर पुस्तक घेऊन बसायचे. ती आत काय बोलते, हे मी कधी विचारलं नाही. काही महिन्यांनी ती झोपू लागली. वरण पहिल्यासारखं करू लागली. हे मुद्दाम लिहिते आहे. त्या खोलीने माझ्या आईला खरंच सावरलं होतं.

मग कळलं की संस्थेचं अनुदान संपत आलं आहे. नव्या अनुदानासाठी दिल्लीहून पाहुणे येणार होते. गरिबी आणि मानसिक आघात सोसणाऱ्यांसाठीच्या सेवा सुधारायच्या, असा त्या अनुदानाचा हेतू होता. ते मिळालं नाही तर मंगळवारची खोली बंद, असं मॅडम म्हणाल्या. आईने बोलायचं आणि मी इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं. दोघीही हो म्हणालो.

पाहुण्यांना खुर्च्या होत्या. बायकांना सतरंजी. मी मधे उभी. मॅडमनी माझी ओळख करून दिली, "वस्तीतलीच आहे ही, पण इंग्रजी ऐका हिचं." मी इंग्रजीत नमस्कार केला.

आईने थप्पीपर्यंत सांगितलं. वाक्य झालं की थांबायची, मी ते इंग्रजीत सांगायचे. पाहुण्या बाईंनी डोळे टिपले. त्यांच्यासोबतचे गृहस्थ फोन बघत होते. मॅडमचं लक्ष त्या गृहस्थांकडे होतं. त्या पुढे वाकल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "मावशी, त्या सकाळचं सांगा ना. आपल्या ताईंना सांगितलं होतं, ते."

आईने मान वर केली. ताई दाराजवळ उभ्या होत्या. त्या स्वतःच्या पायांकडे बघत होत्या. मग आईने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं. मला कळलं. बंद दाराआड आई काहीतरी बोलली होती, जे तिने मलाही सांगितलं नव्हतं. आणि ते मॅडमना ठाऊक होतं.

आईने मान खाली घातली. तेव्हा मॅडमनीच ते सांगून टाकलं. एका वाक्यात, आईच्या वतीने, माझ्यासमोर. मग मला म्हणाल्या, "हं, सांग त्यांना."

बाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी उभी राहिले.

"नाही."

"म्हणजे?"

"हे मी सांगणार नाही."

मॅडम हसल्या. मुलगी जरा भावुक झाली, असं त्यांनी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं आणि ते वाक्यही सांगितलं. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. गृहस्थांनी फोन खाली ठेवला.

मी आईचा हात धरला. "चाल, आई."

"बस वं," ती हळूच म्हणाली. "पाहुणे हायत."

मी सतरंजीवर तिच्या शेजारी बसले. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत दोघी तशाच बसून होतो.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तू आयकलं?"

"हो."

"कोणाले सांगू नको."

"नाही सांगणार."

ते वाक्य मी इथेही लिहिणार नाही. त्याच्याशिवाय हे सगळं अपुरं वाटेल. अपुरं राहू दे.

अनुदान मिळालं. खोलीला रंग लागला, नवा कूलर आला. समोरच्या भिंतीवर मोठा फोटो लागला. रोजच्या साडीतली, सतरंजीवर बसलेली माझी आई. तो काढा, असं सांगायला मी गेले. मॅडम म्हणाल्या, "मावशींची सही आहे. आणि याच्यामुळे किती बायकांना आधार मिळतोय, ते बघ." खोटं नव्हतं ते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

जिन्यात ताई भेटल्या. "मला वर लिहून द्यावं लागतं गं. प्रत्येक मंगळवारचं."

"मग दार कशाला बंद करता?"

 ताई माझ्या बाजूने खाली उतरून गेल्या.

आईची झोप पुन्हा गेली आहे. कामावर निघताना मी गॅसचा सिलिंडर बंद करून जाते.

उन्हाळ्यात शेजारच्या काकूंची मुलगी सासरी मेली. कशी, ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही. काकू मंगळवारी संस्थेत जाऊ लागल्या. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. परवा दुपारी संस्थेतली एक मुलगी त्यांच्याकडे आली होती. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येत होता. मग त्या मुलीचा.

"इथं थोडं थांबायचं, काकू. मग पुढचं."

काकू पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. आणि तिथे थांबल्या. येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणारी ती बाई सांगितलेल्या जागी थांबली. आमच्या घरात आईने ताटावरचा हात काढून घेतला.

ती मुलगी गेल्यावर मी काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, त्या खोलीत बोललेलं बाहेर येते."

"मले मालूम हाय. तुया आईचं पाहिलं ना." मग म्हणाल्या, "पण मंग कुठं बोलू वं? घरात बोलू? या भिंतीसंग बोलू?"

मी उठले. 

निघताना त्या म्हणाल्या, "मंगळवारी पाहुणे येऊन राहिले. तू ये माह्या संग."

मी रजा टाकली आहे. काकूंच्या शेजारी सतरंजीवर बसणार आहे. त्यांना थांबायचं असेल तिथे त्या थांबतील. कोणी म्हणालं, पुढचं सांगा, तर मी उठणार आणि पाहुण्यांना इंग्रजीत सांगणार, की या बाई हे तुम्हाला सांगायला बोलल्या नव्हत्या. बंद दाराआड बोललेलं संस्थेवाले इथे तुमच्यासमोर मांडतात. अनुदान थांबलं तर थांबेल. खोली बंद पडली तर पडेल. बायका मला शिव्या देतील. त्या मी ऐकून घेईन.

आईची पांढरी साडी इस्त्री करून आणली आहे. मंगळवारी ती मी नेसणार.

भाऊ नाही. आईचं त्या सकाळचं वाक्य मॅडमना ठाऊक आहे, आता दिल्लीतही कोणाला तरी ठाऊक आहे. माझ्या तोंडून ते गेलेलं नाही. एवढंच उरलं आहे.