जाहिरातीत पेशंटच नव्हता

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात ती एकतीस वर्षं बसत होती. तिच्या हाताखालून मजकूर गेला की खडे बाजूला पडायचे, म्हणून ऑफिसात तिला 'चाळणीबाई' म्हणत. तिलाही ते नाव आवडायचं. भाड्याने देणे, विकणे आहे, पाहिजेत. तीन-चार ओळींत माणूस स्वतःबद्दल किती सांगून जातो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. किराण्याची यादी दिली तरी ही आधी शब्द मोजते, असं तिचा नवरा म्हणायचा.

हल्ली काउंटरवर कुणी येईनासं झालं. जाहिराती मोबाइलवरून येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर लबाडही शिरू लागले. तेव्हा साहेबांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा आणली. ती प्रत्येक मजकूर वाचायची आणि पुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका द्यायची. ती बसवायला आलेली इंजिनियर मुलगी जरा दबकतच चाळणीबाईच्या टेबलापाशी आली होती. म्हातारी वाकड्यात शिरेल, असं तिला कुणीतरी सांगितलं असावं. पण पहिल्याच महिन्यात मशीनने एकाच माणसाने अकरा नावांनी दिलेल्या घरांच्या जाहिराती पकडल्या, तेव्हा हे आपल्याला सात जन्मांत दिसलं नसतं, असं चाळणीबाईनेच सगळ्यांसमोर कबूल केलं.

मशीन चुकायचंही. 'शिलाई मशीन फुकट देणे आहे, आजच न्या' या ओळीला त्याने लाल ठिपका दिला. फुकट आणि घाई, दोन्ही संशयाचे शब्द. चाळणीबाईने फोन लावला तर एक निवृत्त मास्तर निघाले. बायको गेलेली, दुसऱ्या दिवशी लेकीकडे राहायला निघालेले. बायकोचं मशीन भंगारात घालायला हात धजत नव्हता. तिने स्वतः ठिपका हिरवा केला.

पण खरा पेच पडला तो हिरव्या ठिपक्याच्या एका जाहिरातीवर. 'घरी रुग्णसेवेसाठी महिला पाहिजेत. राहणे-जेवण मोफत. प्रशिक्षण देऊ. मूळ प्रमाणपत्रांसह भेटा.' भाषा शुद्ध, कंपनी नोंदलेली, वेबसाइट चकचकीत, नंबरावर एकही तक्रार नाही. मशीनने शंभरापैकी सत्त्याण्णव गुण दिले होते. चाळणीबाईने ती तीनदा वाचली. काहीतरी खटकत होतं, पण बोट ठेवता येईना.

शेवटी तिने नंबर फिरवला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. मजकूर तपासतेय असं सांगून तिने विचारलं, "पेशंट झोपून आहे की हिंडता-फिरता?"

"कसाही चालेल, मॅडम," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. तिची सासू चार वर्षं अंथरुणाला खिळली होती. त्या चार वर्षांत बाई ठेवताना पहिला प्रश्न हाच असायचा, कारण झोपलेल्या माणसाला उचलणं वेगळं आणि काठी टेकत चालणाऱ्याच्या मागे राहणं वेगळं. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याला त्याच्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. चार बायका पुरवणारी साधी संस्थासुद्धा आधी तेच विचारते.

ती साहेबांकडे गेली. ही जाहिरात लावायची नाही, म्हणाली. साहेबांनी पडद्यावरचा ठिपका दाखवला. मशीनला काही सापडलं नाही, मग नाही कशाच्या जोरावर म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं.

"साहेब, मशीन लिहिलेलं वाचतं," ती शांतपणे म्हणाली. "यात जे लिहायला हवं होतं, तेच लिहिलेलं नाही. बायका पाहिजेत, पण पेशंट कुठे आहे?"

एक दिवस थांबायला साहेब तयार झाले. तिने त्या माणसाला कळवलं की जिथे काम आहे त्या घरांपैकी एकाचा पत्ता घेऊन ऑफिसात या. तो आला नाही. संध्याकाळपर्यंत नंबर बंद झाला.

दुसऱ्या एका वर्तमानपत्रात मात्र ती जाहिरात शब्द न बदलता, फक्त नव्या नंबरासह छापून आली. दहा दिवसांनी एक बाई ते कात्रण घेऊन काउंटरवर आली. तिची नर्सिंगची मूळ प्रमाणपत्रं तपासणीसाठी म्हणून घेतली होती, आणि आता जाहिरात देणाऱ्यांच्या ऑफिसला कुलूप होतं. हे तुमचं वर्तमानपत्र नाही हे माहीत आहे, पण कुठे विचारायचं तेच कळत नाही, असं ती म्हणाली. चाळणीबाईने पाणी दिलं, पर्स उचलली आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेली. नंबर, वेळ, बोलणं, सगळं तिच्या वहीत होतं. ती प्रमाणपत्रं दोन महिन्यांनी एका भाड्याच्या खोलीत सापडली, इतर चाळीस जणींच्या कागदांसकट.

त्यानंतर साहेबांनी नियम केला. नोकरीच्या आणि घराच्या जाहिरातीला ठिपका हिरवा असला तरी माणसाने एक फोन करायचाच. इंजिनियर मुलीने पेशंटचा प्रश्नही मशीनला शिकवायचं ठरवलं, आणि लगेच स्वतःच हसली.

"शिकवीन, पण मावशी, उद्या ते लबाडही पेशंट लिहायला लागतील."

"लागू देत," चाळणीबाई म्हणाली. "मग मी पेशंटला काय आवडतं ते विचारीन."

पुढच्याच आठवड्यात तिने एका सरळमार्गी माणसाची जाहिरात उगाच दोन दिवस अडवली आणि फोन करून त्याची माफी मागितली. आपलाही कान कधीतरी चुकतो, हे ती लपवत नसे. पण फोन करायला ती कधी कचरली नाही. आता दुपारी दोन ते चार इंजिनियर मुलगी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि दुसरा रिसीव्हर कानाला लावून नुसती ऐकते.